वाऱ्याची हजेरी

आमच्या दुकानासमोरच्या शाळेत वारा नववीत शिकतो. आजकालचा नाही, पन्नासएक वर्षं तो नववीतच आहे, कारण त्याची हजेरी कधी भरत नाही. दरवर्षी मुलं पुढं सरकतात, शिक्षक बदलतात, बाकांना नवा रंग लागतो आणि वारा आपला खिडकीशी तसाच. त्याच्या वर्गातली एक मुलगी मात्र पुढं गेली. पुढं म्हणजे इतकी पुढं, की देशाची प्रमुख झाली.

मी शिंपी. गाव मला थापाड्या म्हणतं, आणि गावाला बोलण्यात काही हशील नाही. माझ्या सांगण्यातलं निम्मं कापून टाकावं आणि उरलेलं अंगाला बसतंय का ते बघावं. ही गोष्ट मात्र मी मापानं बेतली आहे. कुठं कापड जास्त वाटलंच तर ते शिवणीत दुमडून ठेवलंय असं समजा, पुढंमागं उपयोगी पडतं.

ती मुलगी पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी वडिलांच्या हाताखाली काज-बटणं करत होतो. तिला सगळे झुळूक म्हणायचे. कधी आली आणि कधी गेली ते कळायचं नाही, नुसती पानं हललेली दिसायची. वडील जेवायला गेले होते. तिनं मोडक्या छत्रीचं कापड माझ्यापुढं टाकलं आणि एक बाही शिवून मागितली.

"एकच?" मी विचारलं. "दुसऱ्या हाताचं काय?"

"त्याला दुसरा हात नाही."

मला वाईट वाटलं. गळ्यातला टेप काढत मी हळू आवाजात विचारलं, "माप कोणाचं?"

"वाऱ्याचं," ती म्हणाली.

वडील असते तर दोघांनाही हाकलून दिलं असतं. मी नवशिक्या, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं धाडस नव्हतं. गेलो तिच्यामागून शाळेच्या गच्चीवर. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं वाऱ्यानं. गडी इतका शहाण्यासारखा उभा राहिला म्हणता, की लग्नाच्या कोटाला नवरामुलगासुद्धा तसा राहत नाही. मुंढा मोठा, मनगट बारीक, लांबी हवी तेवढी. मापं झाली आणि तो टेप घेऊनच पसार झाला. चार गल्ल्या पलीकडं एका न्हाव्याला तो टेप सापडला, तेव्हा त्यावरचे सगळे आकडे झिजून गेले होते. आजही मी त्याच टेपानं मापं घेतो. कपडे सैल होतात त्याचं खरं कारण हे.

ती बाही बांबूच्या टोकाला बांधून गच्चीवर चढली. नववीच्या खिडकीतून ती नीट दिसायची. वारा आला की फुगून हात लांब करायची, नसला की गळून लोंबायची. एके दिवशी मास्तर हजेरी घेत असताना झुळूक उभी राहिली. तिचं म्हणणं, वर्गात एकजण रोज येतो, माझ्या वहीची पानं उलटतो, तुमचा खडू उडवतो, मग त्याचं नाव का पुकारत नाही? मास्तर रागीट होते, पण त्या दिवशी त्यांचा पाय दुखत होता आणि वाद घालायला उभं राहावं लागलं असतं. ते म्हणाले, तूच पुकार.

तेव्हापासून ही रीत पडली. रोज सकाळी मुलांची हजेरी झाली की वर्गप्रमुख खिडकीतून वर बघून विचारतो, "वारा?" बाही फुगलेली असली तर सगळा वर्ग म्हणतो, "हजर." लोंबत असली तर, "गैरहजर." कुठं लिहायचं नाही, नुसतं पुकारायचं. झुळुकेनं एकच नियम घालून दिला होता: असेल तेच म्हणायचं. वाऱ्याची भीड धरायची नाही आणि आपली तर त्याहून नाही.

पुढं ती शिकायला दूर गेली. समुद्राकाठच्या एका खोलीत यंत्रं लावून वाऱ्याचं म्हणणं ऐकत बसायची, असं कानावर यायचं. वादळ अजून झोपेतून उठलेलं नसताना ही त्याचा पत्ता सांगायची आणि होड्या किनाऱ्याला राहायच्या. कित्येक घरांत संध्याकाळी माणसं जेवायला बसलेली असायची ती तिच्यामुळं. मग एक काळ असा आला, की देशात सगळेच एकमेकांच्या तोंडावर ओरडत होते, कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेव्हा लोकांना आठवलं, की आपल्याकडं एक बाई आहे, तिला ऐकता येतं. त्यांनी तिला उचलून सगळ्यांत वरच्या खुर्चीत बसवलं. ती नको नको म्हणत होती म्हणे. तेही लोकांना आवडलं.

तर त्या बाई यंदा आपल्या जुन्या शाळेत येणार असं ठरलं.

शाळा चालवतात त्यांना मोठ्या बाई म्हणतात. शिस्तीच्या, इस्त्रीच्या. त्यांच्या साडीची निरी मी पट्टीनंसुद्धा इतकी सरळ पाडू शकणार नाही. मनानं वाईट नाहीत, पण त्यांना हसलेलं खपत नाही. मागे एक तपासणीस येऊन गेले होते, त्यांनी वाऱ्याची हजेरी ऐकली आणि जिथं जातील तिथं तो किस्सा सांगत सुटले. इतर शाळांचे लोक मोठ्या बाईंना भेटले की विचारायचे, काय हो, पावसानं फी भरली का? मोठ्या बाई वरून हसायच्या. आतून त्यांनी तो बांबू उतरवायचं केव्हाच ठरवून टाकलं होतं, नुसतं निमित्त हवं होतं.

माझी नात त्याच नववीची वर्गप्रमुख. घरात आणि शाळेत तिला टाचणी म्हणतात. अंगानं तेवढीच, टोचायलाही तेवढीच. पाहुण्यांच्या सन्मानाला काय करायचं याची मुलांची बैठक आमच्या दुकानात भरली, कारण इथं बसायला कापडाचे ताके आहेत आणि मी कुणाला गप्प करत नाही. कुणी म्हणालं गाणं, कुणी म्हणालं चित्र, कुणी म्हणालं भाषण. टाचणी म्हणाली, भाषणं त्यांना रोजच ऐकावी लागतात, आपण त्यांची हजेरी त्यांच्यासमोर घेऊ. त्यांचा वर्गबंधू त्यांना भेटवू.

ती हे घेऊन मोठ्या बाईंकडं गेली. परत आली तेव्हा कान लाल झाले होते. मोठ्या बाईंनी परवानगी दिली होती, पण नाडी घालून. सगळ्या पाहुण्यांसमोर पुकारा आणि वारा आला तर ही रीत पुढं चालू. नाही आला आणि शाळेचं हसं झालं, तर त्याच दिवशी बांबू खाली.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणाले, येईल."

"अगं, तो काय तुझ्या शब्दातला आहे?"

"आजोबा, ज्या हजेरीतून त्या घडल्या ती हजेरी माझ्याच वर्षी बंद पडली, असं कायमचं होईल. मी म्हणजे शेवटची. मला शेवटची व्हायचं नाही."

 मी मशीनचं चाक उगाच फिरवलं.

आणि बघा, नशीब कसं असतं. कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि वारा नाहीसा झाला.

अशी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. चुलीचा धूर छपरातून निघायचा आणि दांडीसारखा उभाच राहायचा. लोक त्याला वळसा घालून जायचे. धुणं वाळेना. पाखरं उडायचा कंटाळा करून रस्त्यानं चालत जाऊ लागली, शेजारच्या बेकरीवाल्याच्या दारात तर चिमण्यांची रांग लागलेली मी या डोळ्यांनी पाहिली. एका बाईच्या हातून पीस सुटलं ते सरळ तिच्या पायाशी पडलं, इकडं नाही तिकडं नाही. माणसांचे शब्दसुद्धा लांब जाईनात. समोरच्याला हाक मारली तर ती रस्त्याच्या मधोमध पडायची आणि जाऊन उचलून द्यावी लागायची. सगळं गाव काचेच्या बरणीत ठेवल्यासारखं झालं. लोक हळू चालायचे, हळू बोलायचे, अर्धवट झोपेत असल्यासारखे एकमेकांकडं बघून हसायचे. वाईट नव्हतं ते. नुसतं थांबलेलं होतं.

आणि शाळेच्या गच्चीवर बाही लोंबत होती, थकलेल्या माणसाच्या हातासारखी.

रोज सकाळी टाचणी विचारायची, "वारा?" आणि रोज वर्ग म्हणायचा, "गैरहजर." मला दुकानात ऐकू यायचं. म्हणजे यायचं नाही, पण त्यांचे ओठ दिसायचे.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा टाचणी आणि तिचा दोस्त शिडी माझ्याकडं आले. शिडी हे त्या मुलाचं टोपणनाव, त्याला बघितलं की का ते विचारावं लागत नाही. दोघांनी शाळेच्या रंगमंचाचा जुना पडदा ओढत आणला होता. टाचणीनं विचारलं, आजोबा, तुम्ही सांगायचात ना, की तुम्ही एकदा पायजम्याच्या पायात वारा बांधून सासुरवाडीला नेला होता?

आता ते मी सांगितलं होतं, नाही कशाला म्हणू? तिच्या आजीला हसवायला सांगितलं होतं. पण पोरीच्या डोळ्यांत असं काही होतं, की मी म्हणालो, नेला होता, आणि उन्हाळाभर पुरला.

लोक न होणाऱ्या कामाला वाऱ्याची मोट बांधणं म्हणतात. मी ती खरोखर शिवली. पडदा दुहेरी केला, शिवणीवर शिवण मारली, तोंडाला जाड नाडी ओवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी नववी ती मोट घेऊन गावाबाहेरच्या खिंडीत गेली. मीही गेलो. शिवलेलं बसतंय का ते बघायला शिंप्यानं जायलाच हवं.

खिंडीत थोडासा वारा उरला होता, पेल्याच्या तळाशी घोटभर चहा उरतो तेवढा. दगडांच्या फटीतून येत होता, गारसर, जुन्या पावसाचा वास असलेला. मुलांनी मोटेचं तोंड उघडून धरलं. पडदा हळूहळू फुगला. त्याच्यावर रंगवलेलं जंगल होतं, ते उलगडत गेलं, झाडं गोल झाली, एक हरीण पोट सुटल्यासारखं दिसू लागलं. टाचणीनं नाडी आवळली. आणि मोट जमिनीवरून उठली.

शिडीनं ती धरली तर तोही उठला. मग दोघांनी त्याचे पाय धरले, त्या दोघांना चौघांनी, आणि अशी ती वरात गावात शिरली. रस्त्यावर सावली नव्हती, आवाज नव्हता, आणि डोक्यावरून रंगवलेलं जंगल हळूहळू चाललं होतं. दोरीवरची धुणी त्याच्याकडं मान वळवून बघायची. एका घरात बाळ रडत होतं ते थांबलं. म्हातारा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला आणि गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच विसरला. त्या माणसाला पुढं अर्धीच दाढी आवडायला लागली, पण तो वेगळा विषय.

मोट संगीताच्या खोलीत ठेवली, दाराला कडी लावली, खिडक्या बंद केल्या. मुलं घरी गेली ती हवेतून चालल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे कार्यक्रमाच्याच दिवशी, टाचणीनं नाडी सैल केली. मी होतो, शिडी होता, आणखी दोघी होत्या. मोटेनं एक सुस्कारा टाकला. पडद्याच्या धुळीचा वास आला. पेटीवर ठेवलेला कागदसुद्धा हलला नाही. हरणाचं पोट खपाटीला गेलं आणि जंगल चुरगळून जमिनीवर पडलं.

टाचणीनं रिकाम्या तोंडाशी गाल नेला. 

"आत हवा होती," ती म्हणाली. "वारा नव्हता."

"बांधल्यावर तो वारा राहत नाही, पोरी."

"मग पायजम्यातला कसा राहिला?"

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती. मी टेप गळ्यातून काढला, पुन्हा घातला.

शिडीनं तेवढ्यात दुसरी युक्ती काढली. बाहीच्या मनगटाला दोरा बांधायचा, बांबूच्या टोकावरून आणि गच्चीच्या कोपऱ्यावरच्या कडीतून खाली मैदानात आणायचा. टाचणी ध्वनिक्षेपकापाशी उभी असेल, दोरा तिच्या बोटाला. तिनं विचारलं "वारा?" की हलकेच ओढायचा. बाही हात वर करेल. पाचशे माणसांतल्या एकालाही कळणार नाही.

बाकीच्या दोघी पायाकडं बघू लागल्या.  टाचणी माझ्याकडं वळून म्हणाली, "आजोबा, न दिसणारा दोरा आहे?"

माझ्याकडं असा दोरा आहे, की तो ओवताना सुईलासुद्धा कळत नाही. आभाळासारखा करडा, कोळ्यालाही हेवा वाटावा असा. मी रीळ काढून दिलं. नातीची हार बघायला कोणता आजोबा तयार असतो?

मैदानात मांडव घातला होता, कापडी, लाकडी खांबांचा, बराच मोठा. खुर्च्यांच्या रांगा. पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती, कारण पहिली बाही माझ्या हातची. पाहुण्यांच्या आधी त्यांची काळजी घेणारी माणसं आली. त्यांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं, गच्चीकडं बोट दाखवून मला विचारलं, ते काय आहे? मी म्हणालो, शर्ट शिवायला टाकलाय, बाकीचा अजून व्हायचाय. त्यांनी तसं लिहून घेतलं.

पाहुण्या बाई आल्या. मला वाटलं होतं खूप मोठ्या दिसतील. नेहमीच्या माणसाएवढ्याच होत्या, केस पांढरे, चप्पल साधी. चालताना एकदा थांबून त्यांनी मान किंचित वाकडी केली, ती मात्र मी ओळखली. माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "मास्तर, टेप मिळाला का?" आणि पुढं गेल्या. एवढंच. पुढचं स्वागत, गाणं, एका चिमुरडीनं वाचलेल्या चार ओळी, यातलं मी काही ऐकलं नाही. मी बसल्या जागी अलगद तरंगत होतो. खुर्चीचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते, शेजारच्याला विचारा.

मग टाचणी उभी राहिली. तिनं सांगितलं, की आमच्याकडं भेट म्हणून द्यायला दुसरं काही नाही, तुमच्या वर्गातला एकजण अजून आमच्या वर्गात आहे, त्याची हजेरी घेतो. मांडवात हसू पसरलं, प्रेमाचं हसू. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या गच्चीकडं बघत होत्या. सगळेच बघत होते. पाचशे माना वर.

"वारा?" टाचणीनं पुकारलं.

ती हाक तिच्या ओठांपासून निघाली आणि त्या थांबलेल्या हवेत तशीच राहिली. बाही लोंबत होती. मी टाचणीच्या बोटाकडं बघत होतो. दोरा ताणला गेला. मला तो दिसत नव्हता, पण बोटाचं टोक पांढरं झालेलं दिसत होतं. आणखी केसभर ओढला असता तर बाही उठली असती, वर्ग "हजर" म्हणाला असता, बांबू राहिला असता, ती शेवटची ठरली नसती.

आणि तेवढ्यात तिनं पाहुण्यांकडं पाहिलं. मीही पाहिलं. आम्हा दोघांशिवाय मांडवात एकच व्यक्ती अशी होती, की जिची मान वर नव्हती. बाईंनी डोळे मिटले होते आणि गाल किंचित पुढं केला होता, खिडकीशी बसलेली शाळकरी मुलगी करते तसा. त्या खरोखर वाट बघत होत्या. देश चालवणारं माणूस, आणि नववीतल्या जुन्या दोस्तासाठी गाल पुढं करून बसलेलं.

टाचणीनं बोट तोंडापाशी नेलं आणि दोरा दातानं तोडला. शिंप्याचीच नात.

"गैरहजर," ती म्हणाली.

शब्द नीट आला. मागून वर्गानं तो उचलला, आधी एक-दोघांनी, मग सगळ्यांनी. शिडीचा आवाज सगळ्यांत शेवटी आला. मोठ्या बाईंनी एक सुस्कारा टाकला. खोटं कशाला बोलू, त्यात समाधान नव्हतं. निमित्त मिळालं होतं, आणि ते हातात आल्यावर त्यांना तितकंसं नको झालं असावं.

बाईंनी डोळे उघडले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

टाचणीला वाटलं रागावल्या. ती चाचरत म्हणाली, "आठवडा झाला. आधी नदीकडून यायचा. मग डोंगराकडून आला एक दिवस. मग कुणीकडूनच नाही."

"रोज पुकारलंस?"

"रोज."

"आणि पाखरं?"

"चालतायत," टाचणी म्हणाली.

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या उठून मांडवाच्या कडेला गेल्या, डोंगराच्या मागच्या आभाळाकडं बघत राहिल्या. तिथं मला तर काही दिसलं नाही, नुसता कापडावर पाण्याचा डाग पडावा तसा फिकट पिवळेपणा होता. त्या परत आल्या तेव्हा चेहरा बदलला होता. सन्मान घ्यायला आलेली पाहुणी गेली होती, त्या समुद्राकाठच्या खोलीतली बाई आली होती.

"हा असा दडी मारून बसला, की येताना रिकाम्या हातानं येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यांनी शाळेत आत चला. आधी लहान मुलं. मांडवाखाली कुणी थांबायचं नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, अजून मानपत्र वाचायचं राहिलंय. बाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "ते मी आत उभ्यानं ऐकेन. चला."

माणसं उठली. धावपळ नाही, ओरडा नाही, त्या आठवडाभराच्या गुंगीतच सगळे रांगेनं दगडी वर्गांत शिरले. मी शेवटून दुसरा. नववीच्या वर्गात पाय ठेवला आणि मागं वळून बघितलं. मैदान रिकामं. पाचशे खुर्च्या. वर लोंबणारी बाही.

मग बाहीनं बोट हलवलं.

एकदाच. कुणीतरी झोपेत हलवतं तसं. नंतर ती फुगली, उठली, सरळ झाली, आणि डोंगरावरून तो आला. आठवडाभराचा साठलेला सगळा एकदम. मांडव त्यानं असा उचलला, जसा मी ताक्यावरून एक पदर उचलतो. खांब उपटले, आडवे झाले आणि जिथं आम्ही बसलो होतो तिथं, अगदी तिथंच, धाडधाड पडले. खुर्च्या निघाल्या त्या रांग न मोडता, शाळा सुटल्यावर मुलं जातात तशा फाटकातून बाहेर. संगीताच्या खोलीतून आमची मोट सुटली, रंगवलेलं जंगल आभाळात उलगडलं आणि ते गलेलठ्ठ हरीण ढगांवरून उड्या मारत गेलं. आठवडाभर रस्त्यात पडून राहिलेल्या हाका उठल्या आणि ज्याच्या त्याच्या दारात जाऊन पोचल्या. माझ्या दुकानातला टेप खिडकीतून निघाला, शाळेवरून एक चक्कर मारून परत आला. म्हणजे आला असं मला वाटतं, नंतर तो जागेवरच होता.

वर्गात बाई त्यांच्या जुन्या बाकावर बसल्या होत्या, खिडकीशी. टाचणी त्यांच्या शेजारी. खिडकीची कडी आपोआप उचकली, दोन्ही दारं भिंतीवर आपटली आणि वारा वर्गात शिरला. वह्यांची पानं फडफडली, फळ्यावरचा खडू उठला, मोठ्या बाईंचा पक्का बांधलेला अंबाडा सुटला आणि त्यांचे केस, इतके लांब केस असतील असं कुणाला वाटलं नव्हतं, वर्गभर पसरले. त्या बाहेर पडलेल्या खांबांकडं बघत होत्या. मग टाचणीकडं. मग पुन्हा खांबांकडं.

बाईंनी वाऱ्यात गाल धरला होता. डोळे मिटूनच म्हणाल्या, "बाई, एकाची हजेरी राहिलीय तुमची."

मोठ्या बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंडावरचे केस बाजूला केले, कडक उभ्या राहिल्या आणि त्या गोंगाटात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वारा?"

वर्ग जे ओरडला ते मी लिहीत नाही, अजून त्या भिंतीत ऐकू येतं, जाऊन कान लावा.

मानपत्र कुठं गेलं ते सापडलं नाही. बाई म्हणाल्या, बरं झालं, हजेरी ऐकायलाच आले होते. जाताना त्यांनी टाचणीचं बोट हातात घेऊन बघितलं. दोऱ्याचा वळ अजून होता. आपल्या बोटानं तो वळ जरासा चोळला, शिवणीवरची सुरकुती बसवतात तसा, आणि गेल्या. कधी गेल्या ते कळलं नाही. पानं हलत होती.

बांबू आणि बाही दोन्ही उडून गेले होते. दोन दिवसांनी मी दुकानात कॉलरीला अस्तर लावत होतो, तेव्हा दारात मोठ्या बाई. केस पुन्हा घट्ट बांधलेले. काखेत मोडलेली छत्री, वादळातली. त्यांनी तिचं कापड काढून माझ्यापुढं ठेवलं, घडी सरळ केली, आणि एक बाही शिवायला सांगितली. मजबूत, दुहेरी शिवणीची.

टाचणी आत ताक्यांवर बसून गृहपाठ करत होती. तिनं मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबली.

मी गळ्यातून टेप काढला आणि विचारलं, "माप कोणाचं?"

मोठ्या बाई जरासुद्धा हसल्या नाहीत.

"वाऱ्याचं," त्या म्हणाल्या. "आणि लांबी थोडी वाढवा. वाढत्या अंगाचा आहे."